पंख्याभोवतीचा डाग

छताला ओल दिसू लागली की घरी येणारा प्रत्येक माणूस उपाय सांगतो. शेजारी गच्चीवर पत्र्याची शेड मारायला सांगतात, नात्यातले कोणी पांढरा लेप देऊन घ्या म्हणतात, आणि ओळखीतला कंत्राटदार जिना चढण्याचीही तसदी न घेता, खोलीतूनच मान वर करून, जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, गेला असे सांगतो आणि त्याच दमात नव्या कोब्याचा चौरस फुटाचा दरही सांगून टाकतो. यांपैकी कोणताही उपाय मुळात चुकीचा नसतो. कुठल्या तरी घराच्या कुठल्या तरी गळतीवर तो लागू पडलेला असतो. अडचण एवढीच असते की आपल्या घरात पाणी नेमके कोठून शिरते, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर मिळायला एक अख्खा पावसाळा आणि त्यामागचा हिवाळा जावा लागला. डाग कोठे आहे याकडेच पाहत बसलो असतो तर ते मिळाले नसते. डाग केव्हा ओला होतो याची नोंद राहिली म्हणून मिळाले.

आमचे घर साताऱ्याच्या पश्चिम टोकाला, समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला आहे. सासऱ्यांनी ते १९८० नंतरच्या दशकात बांधले. खाली तीन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची आणि गच्चीत जिना जिथे उघडतो तिथे विटांच्या पातळ भिंतींची छोटी केबिन, तिच्या डोक्यावर पाण्याची काळी टाकी, अशी ही त्या काळच्या बहुतेक घरांसारखी रचना आहे. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीत, पंख्याच्या हुकाभोवती, दीड-दोन फुटांचा तपकिरी डाग पडला होता. त्याची कड गडद आणि मधला भाग फिका होता. कडेला बोट फिरवले तर चुन्याची कोरडी भुकटी हाताला लागे, आणि पंख्याच्या वाटीपाशी बोट नेले तर गार ओल. पाऊस लागलेला असताना वाटीच्या काठावर एक थेंब धरायचा, बराच वेळ लोंबत राहायचा आणि मग खालच्या पात्यावर पडायचा. पंखा अर्थातच बंद केला होता आणि त्या खोलीच्या वायरिंगचा फ्यूजही काढून ठेवला होता. विजेच्या बॉक्समध्ये पाणी दिसले की कारण शोधण्याआधी एवढे तरी केलेच पाहिजे.

माझे माहेर पाटण तालुक्यातले, कौलारू घराचे. तिथे गळती शोधावी लागत नसे. उन्हाळ्यात भर दुपारी माळ्यावर जाऊन उभे राहिले की सरकलेल्या कौलातून उजेडाची तिरीप दिसे, आणि मृगाच्या आधी शाकारणीला येणारा माणूस तेवढीच कौले परतून जाई. कौलातून सुटलेले पाणी सरळ खाली येते. स्लॅबच्या घरात ते तसे येत नाही. गच्चीचा पृष्ठभाग आणि खोलीचे छत यांच्यामध्ये विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंचांचा कोबा, त्याखाली जवळजवळ तितक्याच जाडीचे काँक्रीट आणि त्याखाली गिलावा असतो. पाणी एका भेगेतून कोब्यात उतरते, काँक्रीटच्या पाठीवरून उताराकडे सरकत राहते, आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली येते. स्लॅबला मुद्दाम ठेवलेली अशी वाट म्हणजे पंख्याचा बॉक्स. त्यामुळे पंख्यातून पाणी आले म्हणजे कोबा गेला, असे सगळे म्हणतात त्याला चांगला आधार आहे, आणि बहुतेक घरांत ते खरेही निघते. आमच्या कंत्राटदाराचे निदान म्हणूनच मी हसण्यावारी नेले नाही. मला ते तपासून पाहायचे होते, आणि तपासणीची भाषा काढताच त्यांनी दहा वर्षांच्या गॅरंटीची भाषा सुरू केली. पाणी कोठून येते हेच ठाऊक नसताना दहा वर्षे ते येणार नाही याची हमी कशाच्या जोरावर देतात, हे मला अजून उमगलेले नाही.

त्यांचा आणखी एक प्रस्ताव तर ऐकताक्षणी बाजूला ठेवावा असा होता. जुना कोबा उखडण्याचा खर्च वाचवायचा असेल तर त्याच्यावरच नवा थर टाकू, असे ते म्हणाले. चार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास वापराचा भार धरलेला असतो. म्हणजे माणसे, वाळवणे, कुंड्या या सगळ्यांसाठी जेवढी तरतूद ठेवलेली असते तिच्याहून अधिक वजन एका गळतीच्या संशयावरून चाळीस वर्षांच्या स्लॅबच्या उरावर कायमचे ठेवायचे. साताऱ्यात अशा दोन-दोन कोब्यांच्या गच्च्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही अजूनही गळतात.

तपासाची सुरुवात सासूबाईंच्या दिनदर्शिकेने झाली, आणि तीही कोणी ठरवून केलेली नव्हती. स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर त्या दुधाचा हिशेब लिहितात. प्रत्येक तारखेच्या चौकोनात डाव्या कोपऱ्यात दुधाचे माप, दूधवाल्याने दांडी मारली तर फुली, गॅसची टाकी लावली तर ‘गॅ’, पाहुणे आले तर त्यांचे आडनाव. त्या आषाढात त्यांनी याच चौकोनांत ‘छ’ लिहायला सुरुवात केली, म्हणजे छत ओले. त्यांच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे आणि वारा सुटला की तिची झडप रात्रभर वाजते, म्हणून काही चौकोनांत ‘वा’ हेही अक्षर होते. झोप झाली नाही याची ती तक्रार होती. आणखी काही ठिकाणी ‘ला. प.’ असे होते. आदल्या वर्षीच आम्ही घराला नवा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला होता आणि तो अधूनमधून आपोआप पडत असे. ‘लाइट पडली’ अशी त्याची नोंद त्या करीत होत्या. एकाच चौकोनात दुधाच्या मापाखाली ‘छ’, ‘वा’ आणि ‘ला. प.’ अशी अक्षरे दाटीने बसलेली असत, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे त्यांनाही वाटले नव्हते आणि ती पाने रोज पाहणाऱ्या आम्हालाही.

साताऱ्याच्या पावसाबद्दल इथे थोडे सांगायला हवे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. या दोहोंच्या मध्ये असलेल्या सातारा शहरात साधारण हजार मिलिमीटर पडतो, पण तो सगळा एका स्वभावाचा नसतो. आषाढ-श्रावणातला पाऊस यवतेश्वराच्या डोंगरावरून शहरात उतरतो. तो बारीक असतो, दिवस दिवस लागून राहतो, आणि वाऱ्यावर आडवा येतो. छत्री डोक्यावर धरायची की पश्चिमेला, असा प्रश्न पडावा असा. वळवाचा आणि परतीचा पाऊस मात्र दुपारनंतर पूर्वेकडून, जरंडेश्वराच्या बाजूने चढून येतो, गडगडाट करीत तासाभरात धो धो कोसळतो आणि निघून जातो. मापाने पाहिले तर परतीच्या पावसाची एक सर आषाढातल्या अख्ख्या दिवसाच्या भुरभुरीला मागे टाकते.

आता दिनदर्शिकेकडे पुन्हा पाहिले तर तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुमाराला गच्चीच्या पन्हळी अपुऱ्या पडाव्यात असा पाऊस झाला होता, अंगणात घोट्यापर्यंत पाणी होते, आणि त्या चौकोनांत ‘छ’ नव्हता. उलट जुलैत ज्या दिवशी वाळत घातलेले कपडे नुसते दमट राहिले एवढाच पाऊस होता, त्या दिवशी ‘छ’ होता, आणि त्याच्याशेजारी जवळजवळ नेहमी ‘वा’ होता.

कोबा गळत असता तर हे असे घडले नसते, निदान सहज घडले नसते. भाजलेली साधी वीट स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते, आणि कोबा हा मुख्यतः विटांच्या तुकड्यांचाच असतो. त्यात शिरलेले पाणी आधी विटा पितात, मग ते हळूहळू खाली झिरपते. म्हणून कोब्यातून येणारी गळती उशिरा सुरू होते आणि पाऊस उघडल्यावरही रेंगाळते. कधी कधी स्वच्छ ऊन पडल्यावर दुसऱ्या दिवशी खोलीत थेंब पडतो आणि घरचे लोक चक्रावून जातात. आमच्या वाटीवरचा थेंब असा रेंगाळत नसे. वारा सुटून पाऊस आडवा झाला की अर्ध्या-पाऊण तासात तो दिसे आणि वारा पडला की थोड्याच वेळात थांबे, मग वर पाऊस चालू असला तरी. या पाण्याचा मार्ग झिरपण्याचा नसून सरळ वाहण्याचा असला पाहिजे, असा तर्क यातून निघत होता, पण तेव्हा तो तर्कच होता.

बाकीच्या शक्यता वगळायला फार वेळ लागला नाही. टाकीचा संशय असा फिटला की आमच्याकडे नळ सकाळी येतो, टाकी भरून वाहिली तर ती सकाळीच वाहते, आणि ‘छ’चा सकाळशी काही संबंध नव्हता. त्या खोलीच्या वर नळाची कोणतीही लाइन नाही आणि न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. हवेतला दमटपणा गार स्लॅबवर धरत असेल अशीही एक सूचना आली. तिच्यासाठी डागाच्या कडेला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक रात्र ठेवला. खोलीच्या बाजूने तो कोरडा राहिला आणि छताच्या बाजूने त्याच्या आत दव धरले, म्हणजे पाणी आतूनच येत होते. पुण्याहून आलेल्या एका अभियंता नातेवाइकांनी उष्णता टिपणारा कॅमेरा आणला होता. त्यात डागाची जागा निळी, गार दिसली. ओली जागा आजूबाजूपेक्षा गार असते, तेवढेच तो कॅमेरा दाखवतो, आणि ती जागा कोणती हे आम्हाला उघड्या डोळ्यांनीही दिसत होते.

चुलत सासऱ्यांचे मत वेगळे होते. साताऱ्यातली प्रत्येक भेग त्यांच्या हिशेबी कोयनेच्या भूकंपाची असते. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट ज्यांनी अंथरुणातून उठून अंगणात धावत येऊन काढली त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे; पण ज्या घराचा पाया त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी खणला गेला त्याचे दुखणे त्या धक्क्याच्या खात्यावर टाकता येत नाही. कोयनेच्या परिसरात लहान धक्के पुढेही होत राहिले हे खरे, आणि त्यांच्या आग्रहामुळे आम्ही गच्चीवरच्या भेगा एकदा नीट पाहून घेतल्या हेही खरे. त्या पाहण्यातच जिन्याच्या केबिनच्या पश्चिम भिंतीवर, वरच्या बीमच्या खालच्या कडेने गेलेली एक आडवी, केसासारखी भेग दिसली. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सांध्यावरचा गिलावा असा सरळ रेषेत तडकतो. हल्ली गिलावा करताना त्या सांध्यावर तारेची जाळी ठोकतात. त्या काळी ठोकत नसत. भेग पाहिली, पण ती छताच्या डागापासून इतकी लांब आणि इतकी वर होती की तिचे काय करायचे ते कोणाला सुचले नाही.

पावसाळा संपल्यावर, थंडीत, आम्ही कोब्याची परीक्षा घेतली. त्यासाठी शाहूपुरीतल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले होते. त्यांनी आधी सगळी गच्ची हातोडीच्या दांड्याने ठोकत पालथी घातली. कोबा सुटला असेल तर आवाज बद्द येतो, धरून असेल तर खणखणीत. कठड्याच्या पायथ्याशी, जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर वाटा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला, कारण गच्चीत पाणी शिरायची सर्वांत नेहमीची जागा तीच असते. मग पन्हळींची तोंडे गोणपाट आणि चिकणमाती कोंबून बंद केली आणि बोअरचे पाणी सोडून गच्चीवर दोन इंच पाणी तुंबवले. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. स्लॅबला ते जड नव्हते, तरी जिथे सळया उघड्या पडल्या आहेत किंवा स्लॅब लवली आहे अशा घरात हे करण्याआधी अभियंत्याला विचारलेच पाहिजे. कठड्यावर पाण्याच्या पातळीची पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिच्या आतही खूण केली. उन्हाने जेवढे पाणी उडेल तेवढे बादलीतूनही उडेल, आणि गच्चीतले त्याहून अधिक उतरले तर तेवढे खाली जिरले असे समजायचे. दोन दिवस पाणी ठेवले. गच्ची आणि बादली बरोबरीने उतरली, आणि खाली पंख्याच्या वाटीला ओलाव्याचा स्पर्शही नव्हता.

“वहिनी, कोब्याला हात लावू नका,” मिस्त्री म्हणाले. “कोबा अजून दगडावानी हाय. ह्ये पानी वरनं न्हाई, बाजूनं येतंय.”

बाजूने म्हणजे कोठून, हे त्यांना सांगता येत नव्हते. ते सांगितले वायरमनने, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी आला असताना. ईएलसीबी का पडतो हे पाहायला तो आला होता. माणसाच्या सुरक्षिततेसाठी घरात बसवतात तो ईएलसीबी तीस मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडतो, आणि अशी गळती होण्याचे हमखास कारण म्हणजे कुठल्या तरी बॉक्समध्ये शिरलेली ओल. त्याने एकेक सर्किट वेगळे करून पाहिले आणि जिन्याच्या दिव्याच्या लाइनवर बोट ठेवले. त्या लाइनीची वायर कोठून कशी गेली आहे असे मी विचारले तेव्हा तो सहजपणे म्हणाला की गच्चीतल्या बल्बपासून पाइप भिंतीतून खाली येतो, स्लॅबमधून जातो आणि तुमच्या पंख्याच्या बॉक्समधून पुढे बोर्डाकडे वळतो. जुन्या घरांत सगळीकडे असेच असते. मिस्त्रींना हा पाइप ठाऊक नव्हता, कारण वायरिंग त्यांचे काम नव्हे. वायरमनला छताच्या ओलीचे काही देणेघेणे नव्हते, कारण गिलावा हे त्याचे काम नव्हे. दोघांच्या कामांच्या मध्ये तो लोखंडी पाइप चाळीस वर्षे स्लॅबच्या पोटात पडून होता, आणि त्याचे वरचे टोक केबिनच्या पश्चिम भिंतीवर, सात फूट उंचीवर, यवतेश्वराकडे तोंड करून होते. तुंबवलेले दोन इंच पाणी तिथवर कसे पोचणार?

मग दोघांना एकाच दिवशी बोलावले. मेन स्विच बंद केला, डाग असलेल्या खोलीतला पंखा उतरवून बॉक्स उघडा केला, आणि मुलगा बॅटरी घेऊन त्याखाली स्टुलावर उभा राहिला. वर मिस्त्रींनी पाइप लावून भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली, पण खालून. आधी भिंतीच्या पायथ्याचा वाटाच तेवढा भिजवला आणि थांबले. मग कमरेइतक्या उंचीपर्यंत, आणि पुन्हा थांबले. वरून पाणी मारले असते तर सगळी भिंत एकदम भिजली असती आणि पाणी कोणत्या पातळीवरून शिरले ते कळले नसते. प्रत्येक टप्प्यावर मिस्त्री जिन्यातून खाली ओरडून विचारत होते आणि खालून नाही असे उत्तर येत होते. धार बीमच्या खालच्या भेगेवर आली तेव्हा पाण्याचा पातळ पडदा भिंतीवरून खाली सरकला आणि बल्बच्या होल्डरमागच्या फटीत नाहीसा होऊ लागला. भिंतीवरून उतरणारे पाणी तेवढ्या जागी खालपर्यंत पोचतच नव्हते. थोड्याच वेळात खालून मुलाची आरोळी आली. खात्री म्हणून सासूबाईंनी कपड्यांची नीळ पेलाभर पाण्यात कालवून दिली, वायरमनने ती होल्डरमागच्या बॉक्समध्ये ओतली, आणि ती पंख्याच्या बॉक्समधून निळीच निळी, वाटेत गंज मिसळल्याने थोडी मळकट होऊन, खालच्या बादलीत उतरली. डागाचा तपकिरी रंगही त्या गंजाचाच होता. नुसत्या सिमेंटमधून झिरपलेल्या पाण्याने पांढरा लोणा धरला असता. आमचे पाणी लोखंडातून येत होते.

आता वाऱ्याचेही कोडे सुटले. केबिनच्या स्लॅबची कड भिंतीबाहेर नऊ इंच आलेली आहे, त्यामुळे सरळ पडणारा पाऊस, मग तो कितीही जोराचा असो, त्या भिंतीला फारसा लागतच नाही. आडवा पाऊस ती कड चुकवून थेट भिंतीवर येतो. शिवाय वारा नुसता पाऊस आणीत नाही, दाबही देतो. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सहा मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरण्याइतका असतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण फटीच्या तोंडाशी अडलेले पाणी आत लोटायला तो भरपूर आहे.

तरीही एक प्रश्न उरत होता. पाइप चाळीस वर्षे तिथेच होता आणि भेगही काही नवी दिसत नव्हती, तर मग ओल गेल्या काही वर्षांतच का सुरू झाली? त्याचे उत्तर अडगळीच्या खोलीत सापडले. गच्चीत पूर्वी काचेचे झाकण असलेला, रबराच्या कडीने भिंतीला घट्ट बसणारा जाड दिवा होता. त्याची काच फुटली तेव्हा कोणीतरी तो काढून तिथे साधा तिरका होल्डर आणि एलईडी बल्ब बसवून दिला. दिव्याचा उजेड वाढला, विजेचा खर्च कमी झाला, आणि भिंतीतल्या बॉक्सचे तोंड उघडे पडले. जुन्या दिव्याची ती रबरी कडी, वाळून तडकलेली, सासऱ्यांनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवलेली मिळाली.

दुरुस्ती निदानाच्या मानाने कंटाळवाणी होती. दिवा केबिनच्या पूर्वेकडच्या बाजूला, दाराच्या वर, आडोशाला नेला. पश्चिमेकडचा जुना बॉक्स काढून भोक बुजवले आणि लोखंडी पाइपचे तोंड कायमचे बंद केले. पंख्याची आणि जिन्याच्या दिव्याची वायर स्लॅबमधून काढून भिंतीवरून केसिंग पट्टीत घेतली. ती दिसायला चांगली दिसत नाही, पण उद्या पाहता येते. भेग मिस्त्रींनी छिन्नीने मोकळी करून घेतली, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली, सांध्यावर जाळी ठोकून गिलावा केला आणि सगळ्या पश्चिम भिंतीला बाहेरचा रंग दिला. या सगळ्याला जो खर्च आला तो कोब्याच्या अंदाजपत्रकापुढे सांगण्याजोगाही नाही. कंत्राटदारांना आम्ही तसे कळवले. त्यांचे म्हणणे असे की कोबा आज ना उद्या करावाच लागेल, आणि चाळीस वर्षांच्या कोब्याबद्दल ते खोटे आहे असे मला म्हणता येणार नाही.

खोलीतला डाग मात्र मी रंगवू दिला नाही. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर त्याचे पोपडे निघतात, आणि गंजाचा डाग तर साध्या पाण्याच्या रंगातून पुन्हा पुन्हा वर येतो, त्याला आधी डाग दाबणारा प्रायमर लागतो. पण खरे कारण दुसरे होते. कारण सापडले आहे असे समजणे आणि ते सापडले आहे हे सिद्ध होणे यांत एक आषाढ जावा लागतो. भुकटी खरवडून काढली, डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून ठेवली आणि त्या रेघेसह आम्ही पुढच्या पावसाळ्याची वाट पाहिली. गणपतीला पाहुणे येणार, त्यांना अशा छताखाली कसे झोपवायचे, यावरून सासूबाईंशी थोडी कुरबुर झाली. मग त्यांनीच पाहुण्यांना खालच्या खोलीत जागा दिली आणि दिनदर्शिकेवर लिहिणे चालू ठेवले.

त्या पावसाळ्यात वारा नेहमीसारखाच सुटला. आषाढाच्या चौकोनांत ‘वा’ पुष्कळ होते, ‘छ’ एकही नव्हता, आणि पेन्सिलीची रेघ जिथे होती तिथेच राहिली. ‘ला. प.’ मात्र श्रावणात एकदा उमटले, आणि ते पाहताच मी वायरमनला तातडीने बोलावून घेतले. ते स्वयंपाकघरातल्या जुन्या मिक्सरचे निघाले.